झाडू जरा सरळ धरा

मऊरानीपुरात माणसांचे फोटो काढा, कुणी काही विचारत नाही. लग्न असेल, मुंडन असेल, निवडणूक असेल, असं धरून लोक पुढे जातात. झाडूचा फोटो काढला की मात्र सगळी गल्ली जागी होते. पहिला प्रश्न ठरलेला: "काए भाभी, जौ का कर रईं?" दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, त्याचं उत्तर लोक परस्परच ठरवून टाकतात. नगरपालिकेचा सर्व्हे असणार. घरपट्टी वाढणार. स्वच्छतेच्या नावाखाली दंड होणार. बँकेतल्या माणसाची बायको दारोदार वस्तूंचे फोटो काढते म्हणजे जप्तीची यादीच चालली असावी, अशीही एक शंका मध्यंतरी गल्लीत फिरून गेली. त्या आठवड्यात दोन घरांनी ओट्यावरच्या खाटा गुपचूप आत घेतल्या.

नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही सोलापूरहून इथे आलो. झाशीहून खजुराहोला जाणाऱ्या रस्त्यावर, सुखनई नदीच्या काठी हे गाव आहे. खजुराहोला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या बाहेरच्या बाहेर जातात. गळ्यात मोठमोठे कॅमेरे, पण त्यांची झाकणं लावलेली. मऊमध्ये फोटो काढण्यासारखं काही आहे असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि मऊच्या लोकांनाही तसं वाटत नाही. मी या दोघांच्या मध्ये सापडलेली बाई. हातात साधा फोन, आणि नियम एकच: आमच्या दारापासून एका बाजूला हातपंपापर्यंत आणि दुसऱ्या बाजूला वाण्याच्या दुकानापर्यंत. या हद्दीत जे रोज हाताळलं जातं त्याचाच फोटो काढायचा. बादली, कुलूप, शिडी, चपला, दाराची साखळी, दळणाचा डबा, सायकलच्या सीटवर पावसाळ्यात चढवलेली प्लॅस्टिकची पिशवी. आणि तीच वस्तू पुन्हा पुन्हा, ऋतू बदलेल तशी. नवरा याला "तुझं खातं" म्हणतो. जमा बरीच आहे, व्याज काही नाही, असा त्याचा शेरा.

खरी अडचण संशयाची नव्हतीच. संशय चहाच्या एका कपात मिटतो. संशय मिटल्यावर जे सुरू झालं ते अवघड होतं. लोकांना एकदा पटलं की ही बाई निरुपद्रवी आहे, आणि ते मदत करू लागले.

आमच्या घरमालकीण अम्मांचा झाडू मला हवा होता. वापरून वापरून एका अंगाला झिजलेला, मुठीला जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली. त्या झिजेवरून अम्मा डावखुऱ्या आहेत हेसुद्धा सांगता यावं, इतका तो त्यांचा होता. मी फोन काढला तशी अम्मा लगबगीनं आत गेल्या आणि नवाकोरा झाडू घेऊन आल्या. त्याचं प्लॅस्टिकचं वेष्टणही अजून निघालेलं नव्हतं. तो त्यांनी भिंतीला सरळ टेकवला, पदरानं भिंत पुसली, आणि "अब खेंचो" म्हणाल्या. जुना झाडू तोवर मोरीच्या दाराआड गेला होता, वरातीत नको असलेल्या काकांना मागच्या खोलीत बसवतात तसा.

मग हे सगळीकडेच होऊ लागलं. मी येणार म्हटल्यावर मिठाईवाला कढई घासून ठेवायचा. तिच्या बुडाला वर्षानुवर्षांचा काळा थर होता, आणि मी तर त्या थरासाठीच जात होते. शिंप्यानं कात्रीला तेल दिलं. एका घरातल्या बाईंनी पाण्याच्या घागरींवर झेंडूचे हार घातले. कोपऱ्यावरचा हातपंप तर पोरांनी धुतला, त्याच्या दांड्याला नाडा बांधला आणि कपाळावर, म्हणजे जिथे त्यांना त्याचं कपाळ वाटलं तिथे, कुंकू लावलं. बाजारातल्या स्टुडिओवाल्याकडे मी थोडे फोटो छापायला टाकले, तर त्यानंही आपलं कर्तव्य केलं. बादलीवरचे डाग पुसून टाकले, पोचा भरून काढला, मागे निळं आभाळ घातलं. नवरीच्या गालांवरून हात फिरवायची सवय होती त्याला. वर म्हणाला, जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

फोटो म्हणजे सणाची गोष्ट, ही समजूत काही एकट्या मऊची नाही. आपल्याकडच्या जुन्या अल्बममध्ये तरी काय असतं? मुंजी, लग्नं, डोहाळजेवणं, आणि घाटावर थांबलेल्या बसपुढे उभे असलेले नातेवाईक. ज्या तव्यावर आजीनं पन्नास वर्षं भाकरी भाजली त्या तव्याचा फोटो कुणाच्याच घरात सापडत नाही. राजा दीनदयाळ यांची गोष्ट घ्या. इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करत असताना त्यांना छायाचित्रणाचा नाद लागला, तुकोजीराव होळकरांनी प्रोत्साहन दिलं, आणि १८८२ मध्ये ते लेपेल ग्रिफिन साहेबांबरोबर बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर आले. राजवाडे आले, देवळं आली, किल्ले आले. फोटो असे की आजही बघत राहावं. पण राजवाड्यांत पाणी कशातून भरत होते, ते त्यात नाही. साहेबाला बादल्या नको होत्या, आणि राजांनाही त्या दाखवायच्या नव्हत्या. अम्मांचं आणि राजांचं या बाबतीत एकमत आहे.

गंमत अशी की छायाचित्रणाची सुरुवात झाली ती अंगणातूनच. नीसेफोर निएप्सचा सगळ्यात जुना टिकलेला फोटो १८२६-२७ च्या सुमाराचा. तो त्यानं आपल्या खिडकीतून काढला, आणि त्यात समोरची छपरं तेवढी दिसतात. चित्र उमटायला कित्येक तास लागत, त्यामुळे माणसं परवडत नसत, ती हलतात. वस्तू हलत नाहीत. इंग्लंडमधल्या टॅलबॉट यांनी १८४४ मध्ये आपल्या छापील फोटोंचं पुस्तक हप्त्याहप्त्यानं काढायला घेतलं. त्यातल्या एका प्रसिद्ध चित्रात उघडं दार आहे, भिंतीला कंदील आणि लगाम टांगलेला आहे, आणि दाराशी टेकवलेला आहे एक झाडू. नवा नव्हे, वापरातला. हे मी अम्मांना मोठ्या विजयानं दाखवलं. एवढा मोठा विद्वान, स्वतःची हवेली असलेला, त्यानं झाडूचा फोटो काढला आणि तो जगभर गाजला! अम्मांनी फोन लांब धरून, मग जवळ धरून चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, "उनके घरै झारत को हतो?"

त्यांच्या घरी झाडत कोण होतं? याचं उत्तर पुस्तकात नाही. टॅलबॉटसाहेब नक्कीच झाडत नव्हते. ज्या हातांनी तो झाडू झिजवला त्यांना विचारलं असतं, तर त्यांनीही कदाचित धावत जाऊन नवा आणला असता. हा मुद्दा कलेच्या कुठल्याही इतिहासात मी वाचला नव्हता. झिजलेल्या वस्तूचं सौंदर्य ज्यांना झिजवावं लागलं नाही त्यांना पटकन दिसतं. अम्मांना त्या झाडूत सौंदर्य दिसत नाही. त्यांना दिसतं ते एवढंच, की तो आता फार झिजलाय.

हातपंपाचं प्रकरण वेगळं. तो इंडिया मार्क टू जातीचा आहे, म्हणजे देशातल्या लाखो खेड्यांत दिसतो तोच. त्याची कुळकथा मला ठाऊक होती, कारण ती आमच्याकडची आहे. साठ-सत्तरच्या दशकांतल्या दुष्काळांत खडकात बोअर मारले गेले, पण त्यांवर बसवलेले बिडाचे पंप टिकेनात. ते परदेशातल्या एका कुटुंबापुरत्या पंपांच्या नकला होत्या. आपल्याकडे एका पंपाला अख्खं गाव लोंबकळतं. जालन्यात आणि सोलापुरात मिशनच्या कामातल्या माणसांनी पोलादी पंप बनवले. दांडा एकाच खिळीवर फिरणारा, आणि दांडा व आतली सळई यांच्यामध्ये साखळी, म्हणजे सळई वाकडी न होता सरळ वर-खाली जाते. 'सोलापूर पंप' असंच त्याचं नाव होतं. पुढे युनिसेफ, केंद्र सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी यांनी त्यावर काम केलं आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात इंडिया मार्क टू तयार झाला. तो पुढे आफ्रिकेतही गेला.

हे सगळं मी पंपावर पाणी भरणाऱ्या बायकांना सांगितलं. त्यांना बाकी काही लक्षात राहिलं नाही, एकच राहिलं: "तो जौ तुमाए मायके को आय!" तेव्हापासून पंप बिघडला की तक्रार माझ्याकडे येते. उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली गेली आणि पंप नुसता खडखडला, तरी माझ्याकडे अशा नजरेनं बघतात की माहेरच्यांनी हुंड्यात खोटं नाणं दिलं. पण यातून एक झालं. पंपाचं कुंकू उतरलं. आता त्याला कुणी सजवत नाही. घरातल्या माणसाला कोण सजवतं? माझ्या संग्रहात पंपाचे फोटो सगळ्यात जास्त आहेत आणि सगळ्यात खरे तेच आहेत. थंडीत दांड्याला गुंडाळलेलं फडकं. मे महिन्यात दांडा तापतो म्हणून त्याच्यावर टाकलेलं ओलं पोतं. भल्या पहाटे नंबर लावून ठेवलेले रिकामे कॅन आणि ज्यांच्याकडे कॅन नाही त्यांनी ठेवलेली वीट. आपल्या म्हणीत काखेत कळसा असतो आणि गावाला वळसा फुकटच पडतो. इथे मे महिन्यात काखेत प्लॅस्टिकचा कॅन असतो आणि वळसा खरोखरच घालावा लागतो.

गावाबद्दल लिहायचं तर सज्जांबद्दल लिहायला हवं. मऊ हे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लहानसं खेडं होतं. छत्रपूरच्या राजाच्या जाचाला कंटाळून तिथले व्यापारी इथे येऊन वसले आणि गाव पैशानं फुगलं. त्यांचा मुख्य माल खारुआ, म्हणजे आल नावाच्या झाडाच्या मुळांनी रंगवलेलं तांबडं जाडंभरडं कापड. त्या पैशातून रस्त्यावर झुकलेले कोरीव सज्जे उभे राहिले, आणि इंग्रजांच्या गॅझेटियरनंही त्यांचं कौतुक केलं. १८६० च्या दशकाच्या अखेरीला जर्मनीत प्रयोगशाळेत तांबडा रंग तयार झाला आणि मुळांच्या रंगाची सद्दी संपत गेली. विणणं मात्र संपलं नाही. शेजारचं रानीपूर टेरिकॉटसाठी ओळखलं जातं, आणि मागाची खटखट इथे ऐकू आली की सोलापूरच्या मुलीला घरी आल्यासारखं होतं. मी एका विणकराकडे गेले. नटवणं-सजवणं न करणारा हा या गावातला पहिला माणूस. मी म्हटलं, धोट्याचा फोटो हवा आहे, जरा थांबवाल का? तो मान न वळवता म्हणाला, "अबै नईं रुकै." माझ्या फोटोत धोटा नाही. एक राखाडी रेघ आहे. टॅलबॉटच्या झाडूला निवांतपणा होता, रोजगाराच्या धोट्याला नाही.

वृंदावनलाल वर्मा याच मऊचे. १८८९ मध्ये इथे जन्मले. त्यांचे पणजोबा राणी लक्ष्मीबाईंच्या बाजूनं लढताना १८५८ मध्ये मऊच्या लढाईत पडले, आणि पणजीनं सांगितलेल्या गोष्टींवर ते वाढले. त्यांची 'झाँसी की रानी' १९४६ ची. पण माझ्या कामासाठी मला जास्त उपयोगी वाटले ते आपले वरसईचे गोडसे भटजी. दक्षिणा मिळेल या आशेनं घराबाहेर पडलेला हा माणूस झाशीच्या वेढ्यात अडकला. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापलं गेलं. भटजींची नजर तलवारीवर असते तितकीच ताटावर असते. झाशी पडल्यानंतरच्या लुटीचं वर्णन करताना ते टप्पे सांगतात: आधी सोनं-नाणं, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कापड, मग धान्य. वाचताना अंगावर काटा येतो, आणि त्याच वेळी लक्षात येतं की सामान्य झाशीकराच्या घरात काय काय होतं याची यादी आपल्या हाती लागली ती या लुटीमुळे. घर सुखात असताना त्याची भांडी कुणी लिहून ठेवली नव्हती.

ठेवणारा एक माणूस पुण्यात निघाला. दिनकर केळकर, 'अज्ञातवासी' नावानं कविता करणारे. १९२० च्या सुमाराला त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली: दिवे, अडकित्ते, फण्या, दौती, वज्र्या, कुलपं. लोक अडगळ म्हणून टाकायचे आणि काका उचलायचे. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावानं त्यांनी संग्रहालय केलं आणि १९६२ मध्ये ते सरकारच्या स्वाधीन केलं. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी तिथे आणून उभे केले. बुंदेलखंडाच्या छत्रसालाची लेक पुण्याला गेली, तिच्या महालाची लाकडं एका पुणेकरानं सांभाळली; एक सोलापूरकरीण बुंदेलखंडात येऊन घागरींचे फोटो काढते, ही त्या मानानं फारच हलकी परतफेड. केळकरांना एक सोय होती. ते वस्तू घरी नेत. मला वस्तू जागच्या जागी हवी असते, आणि तिथे तिचा मालक उभा असतो, हातात ओलं फडकं घेऊन.

शेवटी मी फडक्याशी भांडणं सोडून दिलं. आता प्रत्येक वस्तूचे दोन फोटो निघतात, एक माझा आणि एक त्यांचा. त्यांच्या फोटोत घागरींना हार आहेत, कढई चकाकते आहे आणि झाडू वेष्टणासह सावधान उभा आहे. सुरुवातीला मी हे फोटो नुसते मन राखायला काढत होते. आता दोन्ही शेजारी ठेवून बघते तेव्हा वाटतं, त्यांचा फोटोही खोटा नाही. कुठल्या घरानं कशाला हार घातला हे त्याच फोटोत कळतं. एका घरानं घागरींना घातला, एकानं शिलाई मशीनला, एका रिक्षावाल्यानं हँडलला. टीव्हीला कुणीही घातला नाही. हे मला माझ्या झिजलेल्या, कलात्मक, पोचे पडलेल्या फोटोंतून कधीच कळलं नसतं.

भाद्रपदात जलविहाराचा मेळा भरतो. देवळादेवळांतले देव विमानांत बसून सुखनईवर येतात आणि गावातला प्रत्येक फोन वर होतो. त्या दिवशी मी काही काढत नाही. त्या दिवसाचे फोटो पुष्कळ होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडते, तेव्हा अम्मा दारात मेळ्याचा कचरा झाडत असतात. जुन्याच झाडूनं. नवा अजून वेष्टणात आहे. तो फोटोसाठी राखून ठेवलाय.

तुमच्याही गल्लीत हे करता येईल, त्याला खजुराहो जवळ असावं लागत नाही. महागडा कॅमेरा नको. हद्द मात्र लहान ठेवा, नाहीतर नव्याचे नऊ दिवस संपले की पाय निघत नाही. फोटो फोनमध्ये कुजवू नका, छापून घ्या. मागच्या बाजूला तारीख, गल्लीचं नाव आणि वस्तू कुणाची ते लिहा, आणि एक प्रत मालकाला द्या. वस्तू धुऊन-पुसून देतो म्हणाले तर खुशाल धुऊ द्या. फक्त ते पाणी आणायला आत जातील तेवढ्यात एक काढून घ्या.